ससा आणि कलम १३१

तत्त्वज्ञान हा काही माझा प्रांत नव्हे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. 'कोऽहम्', म्हणजे मी कोण, हा प्रश्न मोठमोठ्या ऋषिमुनींना पडला असेल. आम्हां बँकेतल्या लोकांना तो स्वतःबद्दल कधीच पडत नाही. आम्हांला तो काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाबद्दल पडतो, आणि त्याचं उत्तर म्हणून आधारकार्डाची झेरॉक्स चालते. आत्म्याला पॅनकार्ड नसल्यामुळे त्याच्या भानगडीत मी आजवर पडलो नव्हतो.

पण नैतिक प्रश्न दारावरची बेल वाजवून येत नाहीत. माझ्या घरी तो बुटाच्या खोक्यातून आला. खोक्याला वरून भोकं पाडलेली होती आणि आत काहीतरी धडधडत होतं.

झालं असं की, 'वर्गात पहिल्या पाचांत आलीस तर ससा आणू,' असं वचन मी कन्येला देऊन बसलो होतो. कर्ज देताना मागचं रेकॉर्ड पाहावं, तसं तिचं मागचं रेकॉर्ड पाहूनच मी हे वचन दिलं होतं. ताळेबंदाच्या तळटीपेत 'संभाव्य देणी' म्हणून काही रकमा लिहिलेल्या असतात; त्या द्याव्या लागतील असं लिहिणाऱ्यालाही वाटत नसतं. त्यातलाच हा प्रकार. कन्या चौथी आली. आईने पेढे वाटले, हिने दृष्ट काढली, आणि मी तळटीपेकडे बघत राहिलो.

अकोल्याला असलेल्या मेव्हण्याने काम अंगावर घेतलं. पातूरच्या घाटातून एस. टी.ने मांडीवर खोकं घेऊन तो वाशीमला उतरला आणि म्हणाला, "भाऊजी, घ्या. दोन महिन्यांचा आहे. गाजर खातो. काही म्हणजे काही करावं लागत नाही."

'काही करावं लागत नाही' हे वाक्य मी आयुष्यात तीन वेळा ऐकलं आहे. एकदा लग्न ठरताना, एकदा एका विमा पॉलिसीवर सही करताना, आणि तिसऱ्यांदा हे. तिन्ही वेळा सांगणारा माणूस चहा घेऊन निघून गेला.

झाकण उघडलं. आत मूठभर पांढरा गोळा. सरकीतून नुकता काढल्यासारखा. कन्येने 'कापूस!' म्हणून किंकाळी फोडली. आईने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "काहून गा, मायपासून एवढंसं लेकरू तोडून आणलं?"

"आई, दुकानातून आणलंय."

"मंग दुकान काय त्याची माय हाये?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी विषय बदलून नावाचा ठराव मांडला. 'कापूस' हे नाव मला फार साधं वाटत होतं. शिवाय आमच्या भागात कापसाचा भाव कधी पडेल याचा नेम नाही. मी म्हटलं, "नाव भारदस्त हवं. शशांक! नाहीतर शशी."

शेजारी संस्कृतचे निवृत्त मास्तर राहतात. ते ससा बघायला आले होते. ते म्हणाले, "गफलत होतेय. शशी म्हणजे ससा नव्हे. ससा ज्याच्याजवळ आहे तो शशी. म्हणून चंद्राला शशी म्हणतात, त्याच्याजवळ सशाची आकृती आहे म्हणून. तेव्हा व्याकरणाने पाहिलं तर शशी तुम्ही आहात."

म्हणजे मी सशाचं नाव ठेवायला निघालो आणि नाव माझंच ठेवलं गेलं! सशाचं नाव अर्थातच कापूस राहिलं.

दुसऱ्या दिवशी ही बातमी बँकेत पोचली. आमचे शिपाई मामा मालेगावकडचे, घरी थोडी शेती. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "साहेब, पाळाले आणला का खायाले?"

"पाळायला."

"आमच्या वावरात तर असेच हिंडतेत."

मामांच्या वावरातला आणि माझ्या घरातला, हे दोघे नावापुरतेच भाऊबंद, हे मला नंतर कळलं. आपल्या सोयाबीन-तुरीतून टणाटणा पळणारा तो रानससा. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात आणि त्याला पकडणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. घरात पाळतात तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. त्याची पिल्लं उघडीवाघडी आणि आंधळी जन्मतात, डोळे उघडायला दहा-एक दिवस लागतात. म्हणजे सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा पंचतंत्रातला तो चतुर ससा कापसाच्या कुळातला नव्हेच. चंद्रावर बसलेलाही नव्हे. कापूस हा आमच्या वत्सगुल्म नगरीत, वाकाटकांच्या राजधानीत, आलेला शुद्ध परदेशी पाहुणा होता.

आणि पाहुण्याचा पाहुणचार सुरू झाला.

कन्येने गाजर दिलं. दिवसाला दोन. चित्रातला ससा गाजरच खातो ना! हिने मारी बिस्किटं दिली. आईने, मायपासून तोडलेलं लेकरू म्हणून, वाटीत दूध-पोळी कुस्करून दिली. मी स्वतः रविवारी पोह्यांतले शेंगदाणे वेचून दिले. शेजारचे मास्तर संध्याकाळी येताना केळं आणत. गवत मात्र कोणीही दिलं नाही. गवत काय, जनावरं खातात! हा तर घरातला मेंबर. एकदा त्याला कोमट पाण्याने आंघोळ घालायचाही बेत झाला होता. नळाला पाणी आलं नाही म्हणून तो वाचला. वाशीमच्या पाणीटंचाईने कोणाचा जीव वाचवल्याचं हे माझ्या माहितीतलं एकमेव उदाहरण.

मी त्याला एकदा कान धरून उचलला. जादूगार टोपीतून काढतो तसा. हिने मोबाइलवर फोटो काढला. तो फोटो अजून आहे. मी तो आता कोणाला दाखवत नाही.

नवव्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, कापूस पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग आक्रसून बसला. गाजराकडे पाहिना. शेंगदाण्याकडे पाहिना. दातावर दात घासल्याचा बारीक करकर आवाज येत होता. "बघा, कसा शहाण्यासारखा बसलाय आज," ही म्हणाली. मला मात्र एक गोष्ट खटकली. पिंजऱ्याखाली अंथरलेला पेपर कोरा होता. रोज सकाळी त्यावर लेंड्यांची आवक जमा असे. आज जमेच्या बाजूला शून्य. वीस वर्षं खतावण्यांत घालवलेल्या माणसाला कोरं पान अस्वस्थ करतं.

खोकं काखोटीला मारून मी जनावरांच्या डॉक्टरांच्या घरी गेलो. अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत शिकलेला तरुण माणूस. दिवसभर गाई-म्हशी तपासून नुकताच जेवायला बसत होता. ताट सरकवून त्याने कापसाच्या पोटाला कान लावला, मग स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ काही बोलला नाही.

"आतडं थांबलंय," तो म्हणाला. "खायला काय देत होते?"

मी यादी सांगितली. गाजर, बिस्किट, केळं, शेंगदाणे. सांगताना ती यादी मला एखाद्या साखरपुड्याच्या मेनूसारखी वाटू लागली.

"दूध?"

"आई देते. प्रेमाने."

"गवत?"

मी गप्प.

डॉक्टरांनी मग मला जे सांगितलं, ते मेव्हण्याने चहाआधी सांगायला हवं होतं आणि मी वचनाआधी विचारायला हवं होतं. सशाचा खरा आहार म्हणजे वाळलेलं गवत, तेही जवळजवळ सगळाच. बाकी थोडा हिरवा पाला. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात. गवत चावून ते झिजले नाहीत तर टोकं तोंडात रुततात. आतडं गवताच्या चोथ्यावर चालतं, चोथा नसला की गाडी बंद. माणसासारखी उलटी त्याला करता येत नाही. गेलं ते गेलं. गाजर म्हणजे त्याला आपल्या पेढ्यासारखं. दूध वर्ज्य. पाठीचा कणा इतका नाजूक की, नीट न धरता उचलला आणि त्याने लाथ झाडली तर स्वतःच्याच झटक्याने मोडू शकतो. कान ही मूठ नव्हे. आणि हा दोन महिन्यांचा नाही, जेमतेम सहा आठवड्यांचा आहे. आठ आठवडे तरी आईजवळ असायला हवा होता.

"मंग दुकान काय त्याची माय हाये?" हे वाक्य मला पुन्हा ऐकू आलं.

"पण डॉक्टर, तो ओरडला का नाही? कुत्रं असतं तर कण्हलं असतं."

"ससा शिकार होणारं जनावर आहे, साहेब. दुखतंय हे दाखवलं की मारला जातो. म्हणून तो लपवतो. तुम्हांला दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. बारा तास खाल्लं नाही तरी धावत यायचं."

त्यांनी इंजेक्शन दिलं, औषध दिलं, सुई नसलेली एक सिरिंज दिली. दर दोन तासांनी थोडंथोडं पातळ भरवा, ऊब द्या, पोट हलक्या हाताने चोळा. "सकाळपर्यंत लेंडी पडली तर वाचला," म्हणाले. फी घेतली नाही. फी घेतली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

ती रात्र मी जागून काढली. कन्या रडून रडून झोपली होती. झोपण्याआधी तिने विचारलं होतं, "बाबा, आपण त्याच्यावर इतकं प्रेम केलं तरी असं का झालं?"

हा तो प्रश्न. बुटाच्या खोक्यातून आलेला. आपण प्रेमाने केलं, हे पुरेसं असतं का?

रात्री दीड वाजता, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला ससा घेऊन मी प्रथम स्वतःच्या बाजूने वकिली केली. आमचा हेतू वाईट नव्हता. आईने पाजलेल्या दुधात माया होती. आम्हांला माहीत नव्हतं, आणि माहीत नसणं हा काही गुन्हा नाही. बाप व्हायच्या आधी तरी कोण परीक्षा देतो? पहिलं मूल प्रत्येकाच्या हाती कच्चंच पडतं.

युक्तिवाद बरा होता. पण मला एकदम बँकिंगची परीक्षा आठवली. १८८१ च्या परक्राम्य लेखांच्या कायद्यात १३१ वे कलम आहे. आम्ही ते तोंडपाठ केलं होतं. रेखांकित धनादेश बँकेने ग्राहकासाठी वसूल केला आणि मागाहून तो दुसऱ्याच्याच मालकीचा निघाला, तर बँकेला संरक्षण मिळतं. मात्र दोन अटींवर. तिने ते सद्हेतूने केलेलं असलं पाहिजे, आणि निष्काळजीपणा न करता. मधला 'आणि' महत्त्वाचा. आमचे शिकवणारे साहेब त्या 'आणि'खाली दोन रेघा मारायला लावत. नुसता सद्हेतू घेऊन कोर्टात गेलात तर कोर्ट म्हणतं, हेतू उत्तम, पण चौकशी केली होती का?

चेकसाठी आपण दोन अटी लावतो आणि जिवासाठी एकीवर भागवतो! मी कॅशमध्ये पाचशेची एक नोट जास्त दिली तर संध्याकाळी ती माझ्या खिशातून भरतो. 'ग्राहकावर माया होती हो,' असं मॅनेजरला सांगून चालत नाही. मग इथे मायेने हिशेब कसा मिटणार? आम्ही नऊ दिवसांत एकदाही, कोणालाही, 'हा काय खातो?' असं विचारलं नव्हतं. आम्हांला आवडतं ते त्याला देत होतो आणि त्याला प्रेम म्हणत होतो. खरं म्हणजे आमचा आनंद त्याच्या तोंडात कोंबत होतो.

आणि अज्ञानाचंही एक आहे. मूल रडून घर डोक्यावर घेतं. ग्राहकाला तक्रारवही आहे, त्याने भागलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. ज्याला ओरडता येतं त्याच्या बाबतीत आपण थोडे अडाणी राहिलो तरी चालून जातं. तो आपल्याला शिकवतो. पण ज्याला ओरडताच येत नाही, त्याच्या बाबतीत आधीच शिकून घेण्याची जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर येते. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यातलं तिसरं कलम मी नंतर मुद्दाम वाचलं. ते 'मालक' एवढ्यावर थांबत नाही. ज्याच्या ताब्यात किंवा देखभालीखाली प्राणी आहे अशा प्रत्येकाने त्याच्या स्वास्थ्यासाठी सगळे वाजवी उपाय केले पाहिजेत, असं ते म्हणतं. पावती कोणाच्या नावावर आहे हे कायदा विचारत नाही. मांडी कोणाची आहे हे विचारतो.

मांडीवरून आठवलं. 'ससेमिरा' हा शब्द आपण वापरतो. त्याचा सशाशी काही संबंध नाही. सिंहासनबत्तिशीत एक गोष्ट आहे. वाघाच्या भीतीने एक राजपुत्र झाडावर चढतो, तिथलं अस्वल त्याला आसरा देतं. पुढे अस्वल त्याच्या मांडीवर विश्वासाने झोपतं आणि हा वाघाच्या सांगण्यावरून त्याला खाली ढकलतो. अस्वल वाचतं, पण त्याच्या शापाने राजपुत्र वेडा होऊन 'ससेमिरा, ससेमिरा' एवढंच बरळत हिंडतो. ही चार अक्षरं म्हणजे चार श्लोकांची आद्याक्षरं, आणि पहिल्याचा आशय असा की, विश्वासाने मांडीवर झोपलेल्याला मारण्यात कसला आलाय पराक्रम. ही गोष्ट मास्तरांनीच मला कधीतरी सांगितली होती. तेव्हा मी हसलो होतो. त्या रात्री हसू आलं नाही. राजपुत्राने निदान ढकललं तरी होतं. मी तर शेंगदाणे भरवले होते.

तीनला भरवलं. पाचला भरवलं. आई केव्हा येऊन शेजारी बसली कळलं नाही. तिने पदराच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं आणि हलकेच म्हणाली, "मीच दूध पाजलं गा त्याले." मी म्हटलं, "आई, तुला माहीत नव्हतं." हेच वाक्य मी रात्रभर स्वतःला सांगत होतो आणि मला ते पटत नव्हतं. तिला सांगताना मात्र पटलं. दुसऱ्याला देता येते ती माफी स्वतःला घेता येत नाही, ही त्यातली गंमत आहे.

सहा वाजून दहा मिनिटांनी कापूस टॉवेलातून बाहेर आला, मागचे पाय ताणले आणि पेपरावर चार लेंड्या पडल्या. लहान, वेड्यावाकड्या, पण चार. मी त्या दोनदा मोजल्या. वर्षअखेरीचा ताळा पहिल्या फटक्यात जुळल्यावरसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. हिने देवाजवळ दिवा लावला. आई हात जोडून म्हणाली, "बालाजी पावला." लेंड्या पाहून हात जोडणारं कुटुंब बालाजीनेही प्रथमच पाहिलं असेल.

त्या दिवसापासून घरात कायद्याचं राज्य आलं. शिपाई मामा वावरातून वाळल्या गवताच्या पेंढ्या आणू लागले, पैसे घेईनात, फक्त दर सोमवारी विचारतात, "वजन भरलं का?" हे विचारताना त्यांचा हेतू शुद्ध आहे असं मी धरून चालतो. पिंजऱ्याचं दार उघडं असतं. आता ती फक्त त्याची झोपायची खोली. बाकीचं घर त्याचं. त्याने आजवर दोन चार्जर, एक पासबुकाचा कोपरा आणि माझी एक वहाण खाल्ली आहे. रात्री तो स्वतःच्याच मऊ लेंड्या परत खातो, हे पाहून आई हादरली होती. डॉक्टर म्हणाले, खाऊ द्या, त्यातच त्याचं पोषण आहे. मी आईला समजावलं, "चुकीची नोंद नव्हे ती, आई. रक्कम पुन्हा जमा करतोय." सहा महिन्यांचा झाल्यावर हेही कळलं की कापूस 'तो' नसून 'ती' आहे. इतक्या लहानपणी सशाचं ते ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही म्हणे.

'ती' म्हटल्यावर आईने नवा मुद्दा काढला. "एकटं काहून ठेवलं तिले?" मुद्दा खरा आहे. ससे कळपाने राहणारे. एकटेपणा त्यांना मानवत नाही. पण सन १२०२ मध्ये फिबोनाची नावाच्या इटालियन गृहस्थाने व्यापारी गणिताचं एक पुस्तक लिहिलं. आपले भारतीय अंक युरोपात रुळायला त्याची मोठी मदत झाली. त्यात सशांच्या एका जोडीच्या वर्षाअखेर किती जोड्या होतील, असं गणित आहे. उत्तर, ३७७. चक्रवाढ व्याजाची मला सवय आहे, पण ते असं घरात हिंडत नाही. डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रिया करून मग दुसरी मैत्रीण आणा. तो ठराव विचाराधीन आहे.

राहता राहिला मूळ प्रश्न. मुळात आणायलाच नको होता का? कदाचित नको होता. पण आता 'जा, तू मुक्त आहेस' म्हणून तिला मामांच्या वावरात सोडली तर ती मुक्ती मुंगसाच्या पहिल्या फेरीपर्यंत टिकेल. काही चुका दुरुस्त करायचा एकच मार्ग असतो, त्या शेवटपर्यंत नीट सांभाळायच्या. लोकांना वाटतं, बँकेत ठेवी आल्या म्हणजे बँक श्रीमंत झाली. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगेल की, ठेव ही बँकेच्या ताळेबंदात देण्याच्या बाजूला लिहितात. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेलं ते. कापसाला आम्ही नऊ दिवस मालमत्तेच्या बाजूला लिहीत होतो, एवढीच चूक. आता नोंद बदलली आहे. मुदत आठ ते दहा वर्षं. मध्येच मोडता येत नाही. व्याज गवतात.

परवा मे महिन्यातल्या एका रात्री दोन वाजता वीज गेली. वाशीमचा मे, भिंतीसुद्धा ताप आल्यासारख्या तापलेल्या. सशांना उकाडा मुळीच सोसत नाही. मी अंधारात उठलो, फ्रिजरमधली बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवली, खिडकीला ओलं तरट लावलं आणि जमिनीवरच बसून पुठ्ठ्याने वारा घालू लागलो. खिडकीतून चंद्र दिसत होता. त्याच्यावरचा ससाही.

आई जागी झाली. "काहून उठला गा?"

"काही नाही. तू झोप."

"स्वतःले तरी वारा घाल."

मी पुठ्ठा एकदा स्वतःकडे वळवला. कापसाने लगेच डोकं वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पुठ्ठा पुन्हा तिकडे केला.